काकाजी, तुम्ही बसा

पाय गेलेल्या माणसाला आमच्या गावात कुणी शेतात येऊ नका म्हणत नाही. "काकाजी, तुम्ही बसा," म्हणतात. आंब्याखाली खाट टाकतात, चहा जागेवर आणून देतात. चिखलणीच्या वेळी रोटावेटरमध्ये अडकलेलं तण ओढताना माझ्या काकाजींचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. ट्रॅक्टर उभा होता, पण पाती बंद केलेली नव्हती. त्या हंगामात त्यांनी हे बसणं सहन केलं. पुढच्या रोवणीला म्हणाले, "मले बसवून मंदिरातला देव करता काय रे?"

आमचा मौदा तालुका धानाचा. पेंचच्या कालव्याचं पाणी आलं तर आलं, नाही तर विहीर. विजेची पाळी रात्रीची असली की पाणी धरायला रात्रीच बांधीत, म्हणजे भातखाचरात, जावं लागतं. घरातले निजले की काकाजी कुबड्या घेऊन, टॉर्च दातात धरून मोटरीकडे जाऊ लागले. एका रात्री काकूंनी मला हाक मारली. गेलो तर काकाजी बांधीच्या धुऱ्यावरून घसरून चिखलात बसलेले. मोबाईल घरी, एक कुबडी पाण्यात. दूर औष्णिक प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते. मला पाहून पहिलं वाक्य, "मोटर चालू झाली का पाह्य बरं."

घरात दोन तट पडले. त्यांना अजिबात सोडू नका, असं चुलतभावाचं म्हणणं. मला ते पटलं नाही. बसवलेला शेतकरी काम सोडत नाही, ते चोरून करतो. आणि चोरून म्हणजे एकट्यानं, अंधारात, घाईघाईनं. त्यापेक्षा उजेडात, सांगून, सोय करून केलेलं बरं.

कृत्रिम पायाचं काम नागपुरात झालं. जयपूर फूट हा पाय जणू धानवाल्यासाठीच केला असावा, असं मला तेव्हा वाटलं. १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो घडवला. विलायती पायाला बूट लागायचा. मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. हा रबरी पाय अनवाणी चालतो, पाणी लागलं तरी बिघडत नाही. काकाजी पहिल्या दिवशी पंगतीत मांडी घालून जेवले, वर भात दोनदा मागितला.

पण बांधीतला चिखल वेगळी गोष्ट आहे. तो टाच सोडत नाही. पाय उचलला की उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण खालीच राहते आणि मांस वर येतं. एक कण वाळूचा आत गेला की संध्याकाळपर्यंत फोड. म्हणून ठरलं, काकाजी खोल बांधीत उतरणार नाहीत. रोवणीतलं दुसरं काम त्यांचं. परे, म्हणजे धानाची रोपं, मोजून देणं, पाण्याची पातळी बघणं, धुऱ्यावरून कोणती बांधी फुटली ते सांगणं. यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

मग शेतच थोडं बदललं. विहिरीपासून मधल्या बांधीपर्यंतचा एक धुरा तीन फूट रुंद केला, मुरूम टाकून ठोकला, एका बाजूला बांबूचा कठडा. तेवढी जमीन गेली म्हणून चुलतभाऊ अजून कुरकुरतो. स्टार्टरची पेटी कमरेच्या उंचीवर, कोरड्या ओट्यावर घेतली. पूर्वी वाकून, ओल्या पायानं बटण दाबावं लागे. युरियाचं ४५ किलोचं पोतं ते उचलत नाहीत; बादलीत अर्धं-अर्धं करून मीच धुऱ्यावर ठेवतो. गळ्यात शिटी, खिशात मोबाईल. शिटीवरून पोरं हसली. त्यांनी ती एकदा कानाशी वाजवली, मग कोणी हसलं नाही.

संध्याकाळी काकू आरसा धरतात. पाय काढून बुंधा धुवायचा, पुसायचा, आरशात खालची बाजू बघायची. लाल चट्टा दिसला की दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, कुबड्या. या एकाच गोष्टीवर त्यांचं भांडण होतं आणि नेहमी काकूच जिंकतात.

अशा अपघातांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक अवयव गेला तर एक लाख. सातबारावर नाव नसलेला घरातला एक सदस्यही त्यात बसतो, हे गावात बहुतेकांना ठाऊक नसतं. बायकांना तर नाहीच. मळणीयंत्रात हात जाऊ लागले म्हणून केंद्रानं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदाही केला. पण शेतात कायदा कोण वाचतो? आमच्या धुऱ्यावर तो काकाजी राबवतात. कोणाचाही ट्रॅक्टर अडला की खाली उतरण्याआधी इंजिन बंद आणि चावी त्यांच्या हातात. चावी दिली नाही तर ते पात्यासमोर उभे राहतात, कृत्रिम पाय पुढे करून. नवीन ड्रायव्हरांना हे आधी विचित्र वाटतं.

आता खोबण सैल झाली आहे. बुंधा वाळतो, त्यामुळे ती बदलावी लागते. माझं म्हणणं, रोवणीआधी नागपूरला जाऊ. त्यांचं म्हणणं, रोवणी झाल्यावर. तूर्तास आत एक मोजा जास्तीचा घालून चाललं आहे आणि काकूंनी आरसा बदलून मोठा आणला आहे.