पाण्याच्या दिवशी घरी कोण?

मूल कितव्या वर्षी घरी एकटं ठेवावं, हे सोलापुरातले आईबाप मला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त विचारतात. शाळा बंद, पारा चाळिशीच्या पुढे, पाळणाघर परवडत नाही आणि कामाला सुट्टी नाही. त्यांना एक आकडा हवा असतो. आपल्या कायद्यात तो नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं ७५ वं कलम मुलाची जाणूनबुजून केलेली हेळसांड गुन्हा ठरवतं, पण वय सांगत नाही. इंग्लंडमध्येही ठरावीक वय नाही. तिथली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था मात्र १२ वर्षांखालच्या मुलांना फार वेळ एकटं ठेवू नका, असं सांगते. समुपदेशक म्हणून मला त्या बारात अर्थ दिसतो. सात-आठ वर्षांचं मूल नियम घडाघडा म्हणून दाखवतं. पण न पाहिलेल्या प्रसंगाचा ‘असं झालं तर’ म्हणून विचार करणं अकरा-बाराच्या पुढे जमू लागतं, असं मानसशास्त्रज्ञ पियाजेनं मांडलं.

म्हणून मी मुलांना नियम विचारत नाही. मी विचारते, “नळाला पाणी आलंय, आई घरात नाही. काय करशील?”

आपल्या शहरात हा प्रश्न पुस्तकी नाही. उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतरानं नळाला येतं आणि पाण्याचा दिवस म्हटला की घर त्याभोवती फिरतं. आज्ञाधारक मूल लगेच म्हणतं, “मोटार लावून टाकी भरेन.” ओले हात, ओली फरशी, विजेची पिन. ज्या मुलावर मी विश्वास टाकेन ते म्हणतं, “राहू दे, पाणी गेलं तरी चालेल.” पण हे उत्तर मुलाला आपोआप सुचत नाही. काय बुडालं तरी चालेल, हे आधी घरच्यांनी तोंडानं सांगावं लागतं. पाणी गेलं म्हणून ज्या घरात मार बसतो, तिथलं हुशार मूलही मोटार लावणारच. आणि झालेली चूक संध्याकाळी लपवणारही. माझ्या मते हे लपवणंच ‘अजून नाही’ची सगळ्यात ठळक खूण आहे.

शेजारही मोजावा लागतो. कुंभारीला विडी कामगारांचं दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल २००६ मध्ये उभं राहिलं. रे नगर या नव्या कामगार वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. हक्काचं घर मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण जुन्या पेठेत जे मूल तासभर एकटं राहायचं, तेच मूल नव्या वस्तीत, अजून ओळख न झालेल्या दारांमध्ये, अर्धा तासही राहू शकेल असं धरू नका. १०९८ आणि ११२ हे मदतीचे नंबर पाठ करून घ्या, पण मदतीला धावणारी मावशी आधी शोधा.

विडी वळणाऱ्या आया घरातच काम करतात, तरी विड्या द्यायला आणि पानं आणायला कारखान्यात जावंच लागतं. तेव्हा थोरली मुलगी धाकट्यांना घेऊन बसते. “ती फार समजूतदार आहे,” असं आई अभिमानानं सांगते. मला तिथं थांबवावंसं वाटतं. स्वतःला सांभाळणं आणि रांगत्या भावाला सांभाळणं यांत फार अंतर आहे. अकरा वर्षांच्या मुलीला पहिलं येतं म्हणून दुसरं तिच्या अंगावर टाकू नये, आणि ती मुलगी आहे म्हणून तर मुळीच नाही. धाकट्याला कारखान्यात सोबत न्या किंवा मावशीकडे ठेवा. थोरलीला अर्धा तास तिच्या पुस्तकासोबत एकटीला राहू द्या, आणि परत आल्यावर काय काय झालं ते तिला न रागावता विचारा.