रियाब्चिक: काही टिपणं

१.
एका रशियन शिकारकथेचा अनुवाद पक्ष्यापाशी अडलाय. रियाब्चिक. तित्तर लिहिलं तर माळ दिसतो, रानकोंबडी लिहिलं तर सह्याद्री. हा राहतो स्प्रूस, बर्च, अल्डरच्या दाट, ओलसर जंगलात. स्कँडिनेव्हियापासून थेट जपानच्या होक्काइदोपर्यंत. आपल्याकडे नाही.

२.
इंग्रजीत हेझल ग्राउस. नाव आहे, पण इंग्लंडच्या जंगलात पक्षी नाही.

३.
'रियाबोय' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं, कबरं. त्यावरून रियाब्चिक. रशियन पोरांच्या गोष्टीत सोन्याचं अंडं घालणारी कोंबडी 'रियाबा', तीही यातलीच. देवीचे वण असलेल्या चेहऱ्यालाही हाच शब्द.

४.
स्टालिनला लहानपणी देवी आल्या होत्या.

५.
वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. डोक्यावर इवलासा तुरा, दचकला की उभा राहतो. नराचा गळा काळा, त्याला पांढरी किनार. उडताना पंखांची फडफड मोठी. उडून बसला की मात्र खोडालगत असा गप्प की डोळ्यांसमोर असून सापडत नाही.

६.
ईशान्य चीनमध्ये यालाच 'फेइलुंग' म्हणतात. मूळ नाव मांचू. चिनी कानांना ते असं ऐकू आलं. चिनीत फेइलुंग म्हणजे उडता ड्रॅगन. छिंग दरबारात नजराणा म्हणून जायचा. ड्रॅगनचं सूप व्हायचं.

७.
फिनलंडमध्ये उलटं. तिथे याचं नाव 'प्यू', आणि समजूत अशी की हा पूर्वी मोठा होता. जगाचा अंत जवळ येतोय तसतसा लहान होत चाललाय. आकसत जाणाऱ्या कशालाही तिथे 'प्रलयाआधीचा प्यू' म्हणतात. दुसरी म्हण: फांदीवरच्या दहांपेक्षा मुठीतला एक प्यू बरा. म्हणजे पळत्याच्या पाठी लागणारे तिकडेही आहेत.

८.
१८६०च्या दशकात मॉस्कोच्या 'एर्मिताझ' रेस्टॉरंटमध्ये ल्युसिएं ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने एक सॅलड काढलं. १८९०च्या दशकातल्या छापील कृतीत त्यात रियाब्चिकचं मांस आहे, क्रेफिश आहे, केपर्स आहेत. क्रांतीनंतर रियाब्चिक गेला, कोंबडी आली. मग कोंबडीच्या जागी उकडलेलं सॉसेज. केपर्सच्या जागी मटार.

९.
परवा पुण्यात लग्नाला गेलो होतो. बुफेत 'रशियन सॅलड'. बटाटा, गाजर, मटार, फरसबी. वाढणाऱ्याला विचारलं, यात काय काय आहे? तो म्हणाला, "काळजी करू नका काका, मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं आहे."

१०.
कवी मायाकोव्हस्कीने १९१७ मध्ये दोन ओळींत भांडवलदाराला बजावलं: अननस खा, रियाब्चिक चघळ, दिवस भरलेत तुझे. खलाशी त्याच ओळी म्हणत हिवाळी राजवाड्यावर चालून गेले, असं पुढे त्यानेच कौतुकाने लिहून ठेवलंय. अननस परदेशी, तेव्हा चैन म्हटलं तर ठीक. रियाब्चिक तर तिथल्याच जंगलातला. सैबेरियातले शिकारी तो पोत्याने धरत.

११.
हिवाळ्यात बोटांच्या कडांना शिंगासारख्या कडक झालरी फुटतात, बर्फावर चालायला. वसंतात गळून जातात. खाणं अल्डर-बर्चच्या कळ्या आणि लोंबते फुलोरे. कडाक्याच्या थंडीत भुसभुशीत बर्फात बोगदा करून आत झोपतो. वर बर्फच बर्फ. पावलाखालून अचानक भर्रकन उडाला की कळतं.

१२.
ग्राउस कुळातले मोठे भाऊबंद वसंतात एके ठिकाणी जमून माद्यांपुढे नाच करतात, मारामाऱ्या करतात. याचा तसला आखाडा नाही. एक नर, एक मादी, एक जंगलाचा तुकडा. अंडी मात्र मादी एकटीच उबवते.

१३.
शीळ अतिशय बारीक, उंच पट्टीतली. हाडाची किंवा पत्र्याची छोटी शिट्टी करून शिकारी ती वाजवतात. दुसरा कोणी आपल्या हद्दीत शिरला म्हणून नर तावातावाने येतो, शिकाऱ्याच्या पुढ्यात.

१४.
वय वाढलं की उंच पट्टीचे आवाज आधी जातात. जंगल तेच, शीळही तीच.

१५.
संपादकबाईंचा फोन. "तित्तरच लिहून टाका हो, कोणाला काय कळतंय?"

१६.
याला मोकळं रान ओलांडवत नाही. दोन जंगलांच्या मध्ये रुंद शेतं आली की इकडचा इकडे, तिकडचा तिकडे.

१७.
'रियाब्चिक' तसाच ठेवला. तळटीप दिलेली नाही.