गव्हाच्या अभावी

कोकणपट्टीत जन्मलेल्या माणसाने गव्हावाचून अडून बसावे, असे खरे तर काहीच कारण नाही. आमच्या शेतांत भात पिकते, डोंगरउतारावर नाचणी होते, परसात माड उभा असतो. आमच्या बालपणी गहू घरात येई तो पाहुण्यासारखा. सणावाराला यावा, चार घटका बसावे आणि निघून जावे. पुढे केव्हा कोण जाणे, ह्या पाहुण्याचा घरजावई झाला. सकाळी पाव, दुपारी चपाती, चवथीला नेवऱ्या, पूजेला शिरा आणि वाढदिवसाला केक! गोडधोड म्हटले की रवा नाही तर मैदा, हे आम्ही इतके गृहीत धरून चाललो की, आमच्या घरातील एका लहान जीवाला त्याची शिक्षा भोगावी लागली तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

आमची नात चार वर्षांची होईपर्यंत चांगली हसतीखेळती होती. त्यानंतर तिचे अंग धरीना. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे. दिवसाआड पोट बिघडावयाचे, मुलगी फिकी पडावयाची, खेळता खेळता पायरीवर बसून राहावयाची. आम्ही प्रथम जंतांचे औषध दिले. मग मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. देवीला नारळ ठेवला. लोहाच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या झाल्या, पण रक्त काही वाढेना. हलके अन्न म्हणून आम्ही तिला काय देत होतो म्हणाल, तर दुधात भिजविलेला पाव आणि रव्याची खीर! आजही हे आठवले की घास घशात अडकतो. मायेच्या हातांनी आम्ही तिला रोज तेच भरवीत होतो, ज्याने तिचे आतडे सोलवटून निघत होते.

अखेर २०२२ साली एका डॉक्टरांनी रक्ताची एक विशेष तपासणी करविली आणि तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्याचा सूक्ष्म तुकडाही तपासविला. निदान झाले ते सीलिअॅक ह्या विकाराचे. गहू, जव आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नावाचे एक चिकट प्रथिन असते. ह्या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच त्या प्रथिनामुळे चवताळते आणि लहान आतड्याच्या आतील मखमलीसारख्या अंकुरांवर घाला घालते. अंकुर झडले की अन्नाचा कस अंगी लागत नाही. औषध एकच: आमरण पथ्य. थोडासा गहू चालेल, सणापुरता चालेल, ही सवलत त्यात नाही. डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडाव्यात. तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू सोडू नये, सोडल्यास विकार तपासणीत लपून राहू शकतो. आणि घरात एकाला तो निघाला, तर आईबाप व भावंडे ह्यांचीही तपासणी करावी.

ह्या शोधाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमधील विलेम डिक नावाच्या बालवैद्यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर माणसे उपासमारीने खंगत असता ही आजारी मुले मात्र सुधारलेली दिसली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिक ह्यांनी आपला प्रबंध उट्रेख्ट येथे सादर केला. आमच्या सुनेने हे आम्हांला वाचून दाखविले तेव्हा मनात आले, एका देशाच्या उपासातून दुसऱ्या देशातल्या आमच्या पोरीच्या तोंडचा घास ठरावा, ही ईश्वराची केवढी विलक्षण योजना!

मग घराची झाडाझडती सुरू झाली. पोळपाट-लाटणे बदलले, चाळण नवी आणली, कारण जुन्या चाळणीच्या जाळीत गव्हाचे पीठ कितीही धुतले तरी राहते. तांदूळ दळावयास गिरणीत न्यावे, तर तेथे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात शिल्लक. म्हणून तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच दळू लागलो. शुद्ध अन्नात चोरपावलांनी शिरलेला गहू तर पावलोपावली सापडू लागला. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे आम्हांला साठी उलटल्यावर कळले! कोणी सांगितले, खपली गहू चालतो. तोही गहूच; तोही चालत नाही. आमच्या स्वयंपाकघरात सोवळ्याची शिस्त आम्ही आजीकडून शिकलो होतो. ओवळ्याचा हात सोवळ्याला लागू द्यावयाचा नाही. ती सवय येथे कामी आली. आमची सून हसून म्हणाली, "आई, तुमच्या सोवळ्याला आता डॉक्टरांचीही संमती मिळाली."

परंतु खरी कसोटी पुढेच होती.

श्रावणात आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा असते. कथा सर्वांना ठाऊक आहे. कलावती पतीच्या ओढीने प्रसाद न घेताच धावली आणि तिच्या पतीची नौका बुडाली. तुंगध्वज राजाने गोपाळांनी दिलेला प्रसाद तेथेच टाकला आणि तो पुत्र व वैभव ह्यांना मुकला. नात आमच्या मांडीला टेकून हे ऐकत होती. प्रसादाचा शिरा वाटला जाऊ लागला तेव्हा तिने हात मागे घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "आजी, देव म्हजेर रागार जातलो?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर नसले म्हणजे माणूस जे करतो तेच आम्ही केले. सून आत गेलेली पाहून शिऱ्याचा एक कण, खरोखर एकच कण, म्हणत म्हणत चिमूटभर शिरा आम्ही तिच्या जिभेवर ठेवला. प्रसाद तो, प्रसादाने कोणाचे वाईट झाले आहे? त्या रात्री मुलगी पोटाला हात लावू देईना. पुढचे दोन दिवस तिने अंथरुणात काढले. सुनेने आम्हांला एक शब्दही विचारला नाही, आणि तो न विचारलेला शब्दच आमच्या काळजाला अधिक लागला. तिसऱ्या दिवशी आम्ही होऊन तिला सर्व सांगितले. ती म्हणाली, "आई, तुम्ही भक्तीने दिलेत हे मला कळते. पण तिच्या आतड्याला ते कळत नाही."

आम्ही भटजींकडे गेलो. मनात धाकधूक होती की, ते काही प्रायश्चित्त सांगतील. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले, पोथी उघडली आणि पहिल्याच अध्यायातील नैवेद्याच्या ओळींवर बोट ठेवले. केळे, तूप, दूध, गव्हाचे पीठ अशी सामग्री तेथे सांगितली आहे. आणि लगेच पुढे म्हटले आहे की, गहू नसेल तर तांदळाचे पीठ घ्यावे, साखर नसेल तर गूळ घ्यावा. एवढी वर्षे ही कथा आम्ही ऐकत आलो, आणि हे शब्द कानांवरून नुसते वाहून गेले होते!

"भटजी, पण आमच्या घरात गव्हाचा अभाव कोठे आहे?" आम्ही शंका काढली. ते म्हणाले, "डब्यात गहू नसणे हा जसा अभाव, तसा तो पोटी न सोसणे हाही अभावच. आणि तुंगध्वजाने प्रसाद टाकला तो गर्वाने. ह्या लेकराला कसला गर्व? राजाचा दोष पोरीच्या माथी मारू नका." एवढे बोलून त्यांनी पोथी बांधली. आमच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण तुंगध्वजाइतके नसले तरी आपणही थोडे आंधळेच होतो, हे उमगले.

वाढदिवसाचा प्रश्न निराळा होता. तेथे पोथी नव्हती, आणि मुलीला हवा होता केक. सुनेने मैद्याच्या मापाने तांदळाचे पीठ घेऊन पहिला केक केला. वरून तो सोन्यासारखा दिसला, पण सुरी लागताच समुद्रकाठच्या वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला. कारण शोधता कळले की, जे ग्लूटेन आम्हांला वैरी झाले होते तेच केकचा आधारस्तंभ. मैदा पाण्यात कालवला की त्याची लवचिक जाळी बनते आणि सोड्याचे बुडबुडे तिच्यात अडकून केक फुगतो. तांदळात ही जाळी नाही. ती दुसऱ्या कशातून तरी विणावी लागते. आमच्याकडे पूजेच्या दिवसांत अंडे वर्ज्य, तेव्हा तोही मार्ग बंद. पुष्कळ केक परसातल्या कावळ्यांना अर्पण केल्यावर सुनेला गमक सापडले. दोन वाट्या अगदी बारीक तांदळाचे पीठ, अर्धी वाटी काजूची पूड, एक चांगले पिकलेले केळे, दही, तूप, साखर आणि दोन लहान चमचे इसबगोल. पोट साफ होण्यासाठी आपण जे घेतो तेच इसबगोल. पाण्यात फुगून ते बुळबुळीत होते आणि पिठाला धरून ठेवते. मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे तांदळाचे कण भिजून दाताखाली कचकचत नाहीत. सोडा मात्र भट्टीत घालावयाच्या क्षणीच मिसळावा. आणि केक पूर्ण निवल्याखेरीज सुरी लावू नये. ह्या शेवटच्या नियमाला लागणारा धीर लहान मुलांच्या घरात सर्वांत दुर्मिळ.

तथापि ह्या खटाटोपात एक जुनी ओळख नव्याने झाली ती तवसळीची. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. चवथीला आमच्या नेवऱ्या तिकडे जातात, नाताळला त्यांचा कुसवार इकडे येतो. शेजारणीने आमची धडपड पाहिली आणि म्हणाली, "तुमच्या घरात तवसळी होत होती ना? ती केक नव्हे तर काय?" आम्ही पाहतच राहिलो. पावसाळ्यातले मोठे तवसे किसावयाचे, त्याचे पाणी फेकावयाचे नाही. त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओला नारळ, काजू, वेलदोडा आणि चवीपुरते मीठ घालून पातेल्यात थापावयाचे, आणि खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. भट्टी घरात नसतानाच्या काळातली ही आमची भट्टी! आमची आई हे करीत असे आणि आम्ही ते जुनाट म्हणून सोडून दिले होते.

मग एकेक आठवू लागले. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, फणसाच्या रसाची सांदणे, चण्याची डाळ व साबुदाण्याचे मणगणे, तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस, नाचणीचे सत्त्व, उकडीचे मोदक. ह्यांपैकी एकातही गहू नाही. मुलीला ज्याची बंदी होती ते थोडे, आणि जे मोकळे होते ते अवघे आमचे घर होते. त्या नाताळला शेजारणीने तांदळाचे पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचा रस घोटून केलेला दोदोल वेगळ्या डब्यात पाठविला. सोबत निरोप होता की, लाकडी डाव नवा कोरा आणला होता. एवढी काळजी रक्ताच्या नात्यानेही क्वचितच घ्यावी.

ह्या अनुभवातून एक गोष्ट देवस्थानांच्या समित्यांना नम्रपणे सुचवावीशी वाटते. महाप्रसादाच्या पंगतीत कोणत्या पदार्थात गहू आहे, हे फळ्यावर लिहावे. भाताचे, आमटीचे आणि शिऱ्याचे डाव एकमेकांत जाऊ देऊ नयेत. आणि एखादा तरी गोड पदार्थ सर्वांना चालेल असा करावा. पंक्तिप्रपंच हा दोष आपल्या पूर्वजांनी मोठा मानला आहे. मुद्दाम कोणी तो करीत नाही. पण ज्या मुलाच्या पानावर नुसता भात पडतो आणि शेजारच्या पानावर गोड, त्याला आपला हेतू दिसत नाही, पान दिसते.

आता आमच्या घरी पूजेचा शिरा तांदळाच्या रव्याचाच होतो. रवा तुपात खमंग भाजावा, एका वाटीला अडीच वाट्या कढत दूधपाणी घालावे, झाकून दणदणीत वाफ आणावी, साखर व केळे मागाहून. सर्वांना एकच, सव्वाच्याच मापाने. पहिल्या वर्षी एका वृद्ध नातलगांनी कुरकुर केली की, शिऱ्याला ती चव नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोनदा मागून घेतला.

मुलगी आता नऊ वर्षांची झाली आहे. गालांवर रंग आला आहे, वर्गातल्या मुलींच्या बरोबरीने वाढते आहे. तरी आजही कोठेही काही पुढे आले की, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "हातूंत गंव आसा?" लग्नात, बारशात, देवळात, सर्वत्र. ह्या वयाच्या मुलाने प्रत्येक घासाआधी चौकशी करावी, ह्याचे वाईट वाटते. पण ते तिचे रक्षाकवच आहे, म्हणून आम्ही गप्प राहतो.

गेल्या श्रावणात प्रसाद वाटण्याचे काम तिने हट्टाने आपल्याकडे घेतले. भटजींना दिला, वडिलांना दिला, दारात उभ्या राहिलेल्या शेजारणीच्या ओंजळीत घातला, शेवटी आम्हांला दिला. मग पातेल्याच्या काठाशी उरलेला शिरा तिने बोटांनी निपटून घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. कोणाला काही विचारले नाही.