मुळशीचे पाणी आणि सुईचे टोक

पुण्याहून चांदणी चौकातून निघावे, पिरंगुट आणि पौड मागे टाकावे, की चाळीसेक किलोमीटरवर मुळशीचा जलाशय लागतो. दिवाळीच्या सुमारास पाणी तुडुंब असते, डोंगर अजून हिरवे असतात. पुणेकर मंडळी पिठले-भाकरी खातात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि ताम्हिणीकडे निघून जातात.

हे पाणी मात्र फुकटचे नाही. धरणात बावन्न गावे जाणार म्हणून १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झालेच. १९२७ पासून इथले पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, त्यावर वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. मुंबईच्या घरांतून विजेवर ज्या तबकड्या फिरल्या, त्यांत या पाण्याचाही वाटा आहे.

याच मुळशीत आमच्या मावसभावाचे घर आहे. निवृत्त झाल्यावर दादा इथे आला तो वडिलांच्या तबकड्या घेऊनच. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या आणि पुढच्या काळातल्या ३३⅓ च्या. प्लेअरही वडिलांचाच. आवाज चिरका झाला होता. दादाचे मत पडले, मोठे स्पीकर घ्यावेत. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तीस हजारांच्या वर एक पैसा मिळणार नाही. त्यात काय बसते ते सांगा."

बसते, पण क्रम चुकता कामा नये. पैसा आधी जिथे सुई तबकडीला टेकते तिथे घालावा. स्पीकर वाईट असला तर आज ऐकू येणार नाही, इतकेच. झिजलेली सुई खाच खरवडते, आणि खाचेतला सूर एकदा गेला की गेला. धरणात गेलेले गाव परत मिळत नाही, तसेच हे.

जुन्या घरगुती प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार बराच असतो. चुंबकीय कार्ट्रिज दोन-एक ग्रॅमवर भागवते. मात्र तिच्यातून अवघे काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनो प्रीअँप लागतो. शिवाय दांडीला मागे सरकते वजन हवे. दादाच्या प्लेअरला ते नव्हते. तेव्हा तो आठवण म्हणून कपाटावर ठेवायचा आणि तीन वेगांचा, वजनाच्या दांडीचा, वापरलेला पण धड प्लेअर शोधायचा, असे ठरले. अमेरिकेहून आलेला स्वस्तात मिळाला तरी जपून. तिथली वीज ६० आवर्तनांची, आपली ५०. विजेच्या आवर्तनांवर चालणारी मोटर इथे सहावा हिस्सा मंद फिरते, आणि काळी चारची गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते! वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती साध्या बल्बखाली फिरवावी. रेघा स्थिर दिसल्या की ३३⅓ बरोबर.

दुसरी गोष्ट सुईची. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला सुई वेगळी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज एकच ठेवून सुई बदलता येते: एलपीला दोन ग्रॅमची, ७८ ला पाच ग्रॅमची. सुई बदलली की भारही बदलायचा. दोन सुयांसह हिशेब तिसात बसला आणि स्पीकर जुनेच राहिले.

मुळशीचा पाऊस उरतो तो उरतोच. वेष्टनांना बुरशी येते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीपासून दूर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नये, लाख विरघळते.

"एवढ्याशा सुईपायी केवढा खटाटोप!" वहिनी म्हणाल्या. खटाटोप खराच, पण तो जगाने केलेला आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात पाठवल्या. त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली. कोण ऐकणार, कधी ऐकणार, काही ठाऊक नाही. पण त्याच्यापाशी चांगली सुई नसेल, हे त्यांनी आधी ओळखले. आपल्या घरी तर ऐकणारी माणसे समोरच बसलेली आहेत.