ठाण्याच्या किल्ल्यातील बंदिवान

मुलुंडच्या पुढचे स्थानक ठाणे. कोर्टकचेरीच्या कामासाठी आपण तेथे वरचेवर जातो. परंतु जवळच्या मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी म्हणजे जुना किल्ला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १७३० च्या सुमारास पोर्तुगिजांनी त्याची उभारणी आरंभली. ती पुरी होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे जिंकले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. शत्रूला बाहेर रोखण्यासाठी रचलेले दगड पुढे माणसांना आत कोंडण्याच्या कामी आले.

गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा ठपका असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथे कैदेत होते. पहारा केवळ गोऱ्या शिपायांचा. एक मराठा मोतद्दार त्यांच्या खिडकीखालून घोडा फिरवताना गाणी म्हणे; सुटकेचा सारा बेत त्या गाण्यांत होता, आणि पहारेकऱ्यांना मराठीचे अक्षरही कळत नव्हते! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी शौचकूपाच्या भिंतीला भोक पाडून निसटले. कथेत थोडे तिखटमीठ असेलही. पण ती अँग्लिकन बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनापर्यंत पोहोचली. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तटांच्या आत फाशी दिले गेले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते.

आज भाषेची अडचण उलटी झाली आहे. पहारेकऱ्याला कैद्याची बोली कळते. कैद्यालाच न्यायालयाची कळत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. जामीन मंजूर होऊनही हमीदार न मिळाल्याने कित्येक जण आतच राहतात. अशा आदिवासी तरुणांसाठी झटणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी स्वतः कच्चे कैदी असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात निवर्तले.

बंदिवानांची भेट घेणे हे दयाकृत्य आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. नाताळात केक घेऊन तुरुंगात जाणे चांगलेच. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण धर्मग्रामातील एखादे कुटुंब शिधापत्रिका आणि पगारपत्रक घेऊन अनोळखी माणसाला जामीन राहावयास ठाण्याच्या कोर्टात उभे राहील काय? मुलुंडहून गाडीने दहा मिनिटांचीही वाट नाही.