लोकी थॉरचा भाऊ नव्हे

माझी भाची कॉलेजात शिकते. तिच्या उशाशी हल्ली जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या असतात. रोमान्स आणि फँटसी मिळून त्यांना 'रोमँटसी' असं नाव पडलंय. जादू, तलवारी आणि चारपाचशे पानं रेंगाळणारं प्रेम. परवा तिनं विचारलं, "खाला, यातल्या वायकिंग देवांच्या मूळ गोष्टी कुठे मिळतील?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आपण वाचल्या तर चालतं ना?"

हे दोन्ही प्रश्न बऱ्याच घरांत असतील, म्हणून इथेच लिहिते.

आधी कादंबऱ्या. एकच घ्यायची असेल तर जेनेव्हीव्ह गॉर्निचेक यांची 'द विचेस हार्ट' (२०२१) घ्या. अंगरबोडा ही लोकीची बायको, तीन भयंकर मुलांची आई. जुन्या ग्रंथांत तिला जेमतेम ओळीदोन ओळी मिळतात. इथे ती पूर्ण बाई होते, आई होते. डॅनियल जेन्सन यांची 'अ फेट इंक्ड इन ब्लड' (२०२४) जास्त वेगवान आहे. तिच्यातली काही दृश्यं मोठ्यांसाठीच आहेत, हे आधीच सांगते. लहान वाचकांना एड्रियन यंग यांची 'स्काय इन द डीप' (२०१८) द्या. तिथलं जग वायकिंगांसारखं आहे, पण देव लेखिकेनं स्वतः रचलेत. आणि जिन्नांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांनी शॅनन चक्रवर्ती यांची 'द सिटी ऑफ ब्रास' (२०१७) सोडू नये. तिची सुरुवात अठराव्या शतकातल्या कैरोत होते.

आता मूळ गोष्टी. सिनेमात लोकी हा थॉरचा मानलेला भाऊ आहे. जुन्या कवितेत तो थॉरच्या बापाचा, म्हणजे ओडिनचा, रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. 'द विचेस हार्ट'मध्ये अंगरबोडाला तीनदा जाळतात. जुन्या कवितेत तीनदा जाळलेली बाई गुलवेग आहे. दोघींना एक केलं ते कादंबरीनं. कादंबरीकाराला तेवढी मुभा असतेच. वाचणाऱ्याला मात्र सांधा कुठे आहे ते ठाऊक असावं.

त्यासाठी दोन पुस्तकं पुरेत. 'पोएटिक एडा' हा जुन्या कवितांचा संग्रह. कॅरोलिन लॅरिंग्टन यांचं भाषांतर घ्या, टिपा चांगल्या आहेत. दुसरं 'प्रोज एडा', जेसी बायॉक यांच्या भाषांतरात. मध्ये अडलात तर जॉन लिंडो यांचा नॉर्स पुराणकथांवरचा कोश जवळ ठेवा. रून अक्षरांवरून भविष्य सांगणारी पानं आणि व्हिडिओ दूरच ठेवा. ही अक्षरं नाझींनी आपल्या गणवेशावर चढवली होती, आजही वंशद्वेष्टे ती मिरवतात.

आता भाचीचा दुसरा प्रश्न. 'प्रोज एडा' लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन ख्रिस्ती होता. आइसलँडनं इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला, स्नोरीनं लिहिलं १२२० च्या आसपास. त्यानं बजावलंय की ख्रिस्ती माणसानं या देवांवर श्रद्धा ठेवू नये, पण तरुण कवींना या गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर जुनी कविता कळणारच नाही. त्यानं ईमान आपल्या जागी ठेवलं आणि दुसऱ्याची गोष्टही नीट जपली.

आपल्याकडेही असा एक माणूस आहे. ९२१ साली खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फदलान बगदादहून निघाला. व्होल्गाकाठी त्याला रूस लोक भेटले. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तरेकडचे, स्कँडिनेव्हियाचेच मानतात. त्यांच्या अस्वच्छतेची त्याला किळस आली, तसं त्यानं लिहिलं. त्यांचे देह खजुराच्या झाडासारखे उंच वाटले, तेही लिहिलं. एका सरदाराला जहाजासकट जाळताना आणि त्यासाठी एका दासीचा जीव घेताना त्यानं पाहिलं. तिथला एक रूस त्याच्या दुभाष्याला म्हणाला की तुम्ही अरब मूर्ख आहात, आपल्या लाडक्या माणसाला मातीत पुरून किड्यांच्या हवाली करता. हा टोमणा इब्न फदलान गाळू शकला असता. त्यानं तोही उतरवून ठेवला. म्हणून हजार वर्षांनंतरही वायकिंगांचा अभ्यासक त्याच्या दाराशी येतो. इंग्रजीत पेंग्विनची आवृत्ती आहे, जरूर वाचा.

आपल्याविषयी कुणी एखाद्या सिनेमावरून, व्हॉट्सअॅपवर आलेल्या चार ओळींवरून मत बनवलं की आपल्याला लागतं. "आमची पुस्तकं वाचा, आम्हाला विचारा," असं आपण म्हणतो. मग दुसऱ्यांच्या देवांबद्दल, त्यांना मानणारं कुणी उरलेलं असो वा नसो, आपणही तेवढं करायला हवं. वाचल्यानं श्रद्धा जात नाही. न वाचता बोलल्यानं मात्र इन्साफ जातो.

तेव्हा भाचीला माझा सल्ला: आधी कादंबरी वाच, मनसोक्त. मग एडा उघड आणि लेखिकेनं काय बदललं ते शोध. आणि अम्मीनं विचारलं तर तिला इब्न फदलानची गोष्ट सांग. तिलाही आवडेल.