देशावर हवाला

कायद्याची लॅटिन म्हणजे काही दिवाळीचा फराळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण शब्दांचा नाद लागलेल्या माणसाला कुठे काय गोड लागेल, याचा नेम नसतो.

जुन्या इंग्लंडात दावा नाकारणाऱ्या प्रतिवादीच्या कैफियतीचा शेवट ठरलेला असे : 'एत दे होक पोनित से सुपर पात्रियम'. म्हणजे, 'आणि याबाबत तो स्वतःला देशाच्या हवाली करतो'. वादी म्हणे, 'एत होक पेतित क्वोद इन्क्विरातुर पेर पात्रियम' – 'याची चौकशी देशाने करावी'. मतलब एकच : आम्हांला ज्यूरी हवी! १७३३ पासून तिथल्या कोर्टांतून लॅटिन गेली. तेच शब्द इंग्रजीत उरले.

हा 'देश' म्हणजे राजा नव्हे, नकाशा नव्हे. आसपासची बारा माणसे. आपल्या देशमुख-देशपांड्यांच्या नावातला 'देश' तरी परगण्याहून मोठा कुठे आहे? आणि आपल्याकडेही गोतसभेपुढे भांडण नेताना, निवाडा मान्य करू असा कागद दोन्ही पक्ष लिहून देत. त्याचे नाव राजीनामा! आज तो शब्द नोकरी सोडणाऱ्याच्या वाट्याला आला आहे.

राजीखुशीचा हा मामला फौजदारीत मात्र भयंकर होई. कैद्याला विचारीत, 'तुझा न्याय कोणी करावा?' त्याने म्हणायचे, 'देवाने आणि माझ्या देशाने'. हे शब्द उच्चारल्याखेरीज ज्यूरी बसत नसे. शेजाऱ्यांचा निवाडा कुणावर लादायचा नाही, केवढे हे सभ्य तत्त्व! मग ती संमती काढायची कशी? मोठ्या गुन्ह्याचा आरोपी गप्प राहिला, तर त्याला उताणा पाडून छातीवर दगड नाहीतर लोखंड रचीत. कित्येक त्याखालीच मेले. काहींनी तर समजून-उमजून तोंड मिटले होते. गुन्हा शाबीत झाला, की मालमत्ता सरकारजमा. न बोलता मेले, तर ती बायकामुलांना राहणार! चार शब्दांच्या बदल्यात घरदार, असा तो हिशेब. त्या घरातल्या बाईने पुढे कोणत्या मनाने चूल पेटवली असेल, हे कुठल्या दप्तरात सापडायचे?

१७७२ साली दगड गेले. पण गप्प राहणारा दोषी ठरू लागला. १८२७ च्या कायद्याने मौनाची नोंद 'गुन्हा नाकबूल' अशी करण्याची मुभा कोर्टाला दिली. 'नाकबूल' एवढे म्हटले, की त्याने स्वतःला देशाच्या हवाली केले, असे तेव्हापासून न बोलताच धरू लागले.